चौकशीला आले आणि फळा वाचून गेले

माझं लग्न जुळायच्या आधीच मी ते खडूनं मोडत आणलं.

गिरणाकाठच्या आमच्या गावातल्या वाचनालयात मी तेव्हा नुकताच कायम झालो होतो. नोकरी कायम झाली की खान्देशात दोन गोष्टी आपोआप वाढतात, पोट आणि स्थळं! धुळ्याचं स्थळ तर थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, जवळजवळ पक्कंच केलं होतं.

वाचनालयाच्या दाराशी ‘नवीन पुस्तके’ असं मथळ्याला रंगवलेला एक काळा फळा होता. नवीन पुस्तकं येत नव्हती. (जुनीही परत येत नव्हती, पण तो विषय वेगळा!) मोकळा फळा मला बघवेना, म्हणून मी त्यावर रोज स्वतःविषयी चार ओळी लिहायला लागलो. सरळ लिहिलं तर गाव ढुंकून बघेना. मीठमसाला लावून लिहिलं, तर सायकली थांबायला लागल्या! खडू खिडकीतच ठेवलेला असे, त्यामुळे लोक खाली आपली मतंही लिहीत. फुकटात वाचायचं आणि वर नावं ठेवायची!

एके दिवशी मी लिहिलं : ‘काल वाचत वाचत घरी गेलो. ताटावर बसलो. कळण्याच्या चार भाकरी आणि भरीत हाणलं. हात धुताना कळलं, घर शेजाऱ्याचं!’

खरं एवढंच, की शेजारच्या वहिनींनी भरीत खायला बोलावलं होतं. पण हे असं लिहिलं तर कोण वाचेल?

खाली कुणीतरी लिहिलं, ‘पाचवी भाकरी मागितली, तेही लिहा!’ गावात एक माणूस सज्जन असेल तर शपथ!

नेमके त्याच दिवशी मुलीचे वडील, धुळ्याचे आबा, गुपचूप एस.टी.नं आले. मुलाची चौकशी ही न सांगता, तिऱ्हाइतांकडेच करायची असते. त्यांनी समोरच्या पानटपरीवर नानांना विचारलं, “वाचनालयातला मुलगा कसा आहे हो?”

“माले काय इचारतस, भाऊ?” नाना चुना लावत म्हणाले. “फळावर बठ्ठं लिखेल शे. वाची ल्या!”

मी बाहेर आलो, तर टोपीवाले एक गृहस्थ फळ्याला नाक लावून वाचताहेत.

“हे कुणी लिहिलं?”

“मीच!” मी छाती फुगवली.

“खरं आहे?”

आता लेखकाला कुणी असं विचारतं का? पण परगावचा वाचक पहिल्यांदाच भेटत होता! “शंभर टक्के! उलट कमीच लिहिलंय. परवा तर बंबात पाणी न घालताच जाळ लावला. निम्मी गल्ली विझवायला आली!”

“अस्सं?” म्हणत गृहस्थांनी धुळ्याच्या गाडीची वेळ विचारली. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडलंसुद्धा!

चार दिवसांनी मध्यस्थाचा नकाराचा निरोप आला. अक्कानं लाटणं आपटलं. “अरे, मुलीचा बाप होता तो!”

“मग तसं सांगायचं ना! मी काय ओळखणार?”

“त्यानं कशाला सांगायचं? तू सांगून बसला होतास, भिंतीवर!”

मी संतापून अक्कासह थेट धुळं गाठलं. “आबा, ते सगळं खोटं आहे,” मी ठणकावलं.

“म्हणजे तुम्ही खोटं बोलता?”

“छे छे! तसं खरंच आहे...”

“म्हणजे लोकांच्या घरात घुसून जेवता?”

मी घाम पुसत अक्काकडे पाहिलं. अक्कानं छताकडे पाहिलं.

तेवढ्यात चहा घेऊन आलेली मुलगीच म्हणाली, “आबा, बाकीच्यांचे दोष लग्नानंतर कळतात. यांनी आधीच चव्हाट्यावर मांडलेत. आता नवीन काय निघणार?”

आबांनी पंचांग मागवलं. लग्न ठरलं. पण मी लिहितो कसं, याबद्दल त्या घरात कुणी चकार शब्द काढला नाही! नोंद असावी!

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं, ‘सौभाग्यवतींची भाजी इतकी खारट, की गिरणा आटेल एवढं पाणी प्यालो.’ दुपारी डबा द्यायला आलेल्या सौभाग्यवतींनी खिडकीतला खडू उचलला आणि खाली टपोऱ्या अक्षरात लिहिलं : ‘मीठ मी घातलं होतं. मदत म्हणून यांनी पुन्हा घातलं. मग सासरचा मान म्हणून अक्कांनी.’

टपरीवर नाना पोट धरून हसले. माझ्या ओळींवर आजवर नुसते खोकले होते! मग डब्याबरोबर रोजच उत्तर यायला लागलं; हळूहळू लोक फळा खालून वर वाचायला लागले आणि मधेच सोडून द्यायला लागले. शेवटी वाचनालयाच्या अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, “फळा उद्यापासून वहिनींकडे. तुम्ही फक्त रोज सकाळी पुसून द्यायचा.”

तेव्हापासून मी पुसतोय. आणि अध्यक्ष चारचौघांत सांगतात, “साहित्याची खरी सेवा आता कुठं यांच्या हातून घडते आहे!”