पडलं की उडालं?

दूध उतू गेल्याचा वास आला की मला ते गरुडाचं पिल्लू आठवतं. परदेशातल्या एका घरट्यावर कॅमेरा लावलेला होता आणि आम्ही पुण्यातले दहा-बारा रिकामटेकडे रोज सकाळी मोबाइलवर ते बघत ग्रुपवर गप्पा मारायचो. त्या नादात नारायण पेठेतल्या काकूंचं दूध हमखास उतू जायचं. "काकू, दूध बघा, पिल्लू आम्ही बघतो," असा टोमणा खडकीचे निवृत्त काका रोज मारायचे. त्या सकाळी पिल्लू घरट्याच्या काठावर आलं, पंख पसरून डगमगलं आणि वाऱ्याच्या झोतात दिसेनासंच झालं. काकूंनी लिहिलं, "अहो, पडलं की उडालं?" कोणालाच कळेना. रिकामं घरटं बघून माझं डोकं फिरलं. मोर्च्यांची पत्रकं लिहिणारा हात माझा. पाच मिनिटांत कॅमेरावाल्यांचा निषेध तयार! 'पिल्लू पडले आणि तुम्ही नुसते चित्रीकरण करता? लाज बाळगा, माणूस पाठवा!' खाली सगळ्यांची नावं न विचारताच टाकली. "आधी खात्री करा, आणि माझं नाव काढा," काकांनी ठणकावलं. मी ऐकते कसली! पत्रक मराठीतच कॅमेरावाल्यांना पाठवून दिलं. तेवढ्यात फांदी हलली, पिल्लू उडत येऊन घरट्यात धपकन उतरलं आणि ऐटीत पिसं साफ करू लागलं. ग्रुपवर नुसता कल्ला! "आता त्याची लेखी माफी मागा," काकूंनी लिहिलं. मी मात्र कॉटवर उभी राहून नाचत होते. पत्रकं मी आजही लिहिते, तितक्याच रागाने लिहिते. पण स्वतःचं पत्रक खोटं ठरल्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झालेला नाही.