कडब्यामागचे दोन खण

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. नव्या कचेरीत आक्काची, माझ्या थोरल्या बहिणीची, नांदेडहून बदली झाली. तिला घर घ्यायचे होते. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. ती म्हणाली, "तू मोजून हो म्हण, मी घेते."

घर माळवदाचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे होते. दोन तुळयांमधल्या जागेला आमच्याकडे खण म्हणतात आणि घर खणांवर मोजतात. मालक म्हणाला, मोठी खोली पाच खणांची. पण ती कडब्याने ठासून भरलेली.

"थोडा बाहेर काढा की," मी म्हणालो.

"काढून ठिवू कुठं, साहेब? दारात जनावरं हायेत. एका पेंडीसाठी भांडणं व्हायलीत."

मी माळवदावर चढून टेप धरली. वरून छत सलग होते, पाच खण भरले. मन मानेना म्हणून खाली येऊन कडब्याच्या गंजीवर चढलो. गंजीच्या आणि छताच्या मधल्या फटीतून तुळया मोजल्या. तीन खण, आणि पुढे भिंत. जुनी, काजळी धरलेली. पुन्हा मोजणार, तेवढ्यात गल्लीत टँकर आल्याचा गलका झाला. आमच्याकडेही आला असेल, बायको घागरी घेऊन एकटीच उभी असेल, या घाईत मी उतरलो. कागदावर पाच लिहिले.

खरेदी झाली, कडबा निघाला आणि खोली तीनच खणांची निघाली. पलीकडे दोन खणांत शेजारचा शिंपी मशीन चालवत होता. आक्काने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ह्यानंच भिंत सरकवलेली दिसते."

शिंपी हसला. "भिंत काय बैल हाय व्हय, वढून न्यायला? माझ्या बापाच्या काळातली हाय ती. आन् साहेब, तुमी तर गंजीवर चढला होता. मी खिडकीतनं बघितलं की."

मी म्हणालो, "मी चढलोच नाही."

साहेबाचा शब्द गल्लीने खरा मानला. शिंप्याकडे कापड टाकणे लोकांनी बंद केले. वर्षभरात मशीन उचलून तो दुसऱ्या गल्लीत गेला. आक्का पुढे कधी तिकडून गेलीच तर तोंड फिरवून जायची.

आता माझी ऐंशी उलटली आहे. गेल्या महिन्यात एका दुपारी आक्काला सगळे सांगितले. तिने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "इतकी वर्षं त्याच्या दारावरून मान फिरवून गेले मी. मान माझी, पण फिरवत तू होतास. ऊठ."

"आत्ताच?"

"मग काय माझ्या तेराव्याला?"

रिक्षात मी काय बोलायचे ते चार वेळा जुळवले, चारही वेळा विसरलो. शिंपी ओट्यावर बसला होता. डोळे गेलेले.

"कोण हाय?"

"मी. टेपवाला."

मी पुढे होऊन हळू आवाजात सुरुवात केली, तसा त्याने हात वर केला.

"जरा मोठ्यानं बोला, साहेब. सून आत हाय. लग्नाच्या टायमाला तिच्या माहेरी कुणीतरी सांगितलं होतं, सासरा भिंतचोर हाय म्हणून. तिलाबी ऐकू द्या."

आतली भांडी वाजायची थांबली. आक्का माझ्या मागे उभी होती. मी घसा खाकरला आणि गंजीवर चढलो तिथपासून, मोठ्याने, पुन्हा सुरुवात केली.