जाधव साहेब आणि रॅकमधलं एक कार्ड

फायर स्टेशनच्या फोनवर बातमी आली तेव्हा मी गाडीवरचे होजपाइप मोजत होतो. "साहेब गेले," जाधव वहिनी एवढंच म्हणाल्या. मी "हो" म्हणालो आणि पुन्हा मोजायला लागलो... तीनदा चुकलो. त्याला सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, आयुष्यच तेवढं होतं. मला ते ऐकवत नाही.

जाधव साहेब, आमचे स्टेशनप्रमुख, साताऱ्याकडचे. आवाज असा की सायरन नसता तरी भागलं असतं. मी इथल्याच बोनकोडे गावचा; माझ्या गावच्या बोलण्याची ते रोज टर उडवायचे. कामात मात्र थट्टा नाही. कारखान्याला आग लागली की आधी गेटवर जाऊन हजेरीच्या कार्डांचा रॅक बघायचे. कार्डं मोजायची, बाहेर आलेली माणसं मोजायची, म्हणजे आत कोण राहिलंय ते कळतं. सुरुवातीला आम्हाला वाटायचं, म्हातारा वेळ घालवतोय. पुढे आमचाही कार्डांवर विश्वास बसला, आणि तिथेच घात झाला.

पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात भरदुपारी आग लागली. बाहेर एक माणूस कमी भरला. साहेबांनी कार्डावरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझा धाकटा भाऊ, दिनेश; तिथेच कामाला होता.

"सायेब, मी जातो. माजा भाव हाय तो."

"म्हणूनच तू जायचं नाहीस. हितंच थांबायचं."

मास्क लावून ते स्वतः शिरले. सिलिंडरमधली हवा संपत आली की शिट्टी वाजते, ती वाजली की माघारी फिरायचं, हे त्यांनीच आमच्याकडून घोकून घेतलेलं. शिट्टी मला दारापाशी ऐकू आली. वाजत राहिली... मग थांबली. साहेब आले नाहीत. आमच्या दोन जवानांनी ओढून बाहेर काढलं तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती.

तेवढ्यात दिनेश सायकलवरून आला, शर्टभर हळद. मित्राच्या हळदीला तो सकाळपासून गावातच होता; कार्ड दुसऱ्याने मारलं होतं. असं चालतं हे मला माहीत होतं. घरी मी त्यावर हसलोही होतो. त्या दिवसाचं माहीत नव्हतं, एवढं मी रोज स्वतःला समजावतो. पटत नाही.

साहेबांची फुप्फुसं गेली ती गेलीच. पुढे कित्येक वर्षं सानपाड्याच्या घरी त्यांना भेटायला जायचो, चहा प्यायचो, असं कार्ड मारतात हे मला ठाऊक होतं ते सांगायचंय असं ठरवून जायचो आणि क्रिकेटवर बोलून परत यायचो.

गेल्या आठवड्यात पुन्हा तसाच कारखाना, तसंच एक कार्ड जास्त. दोन जवान मास्क लावून तयार होते. मी गेटवर जमलेल्या कामगारांना विचारलं, कुणी कुणाचं कार्ड मारलंय का? सगळे रॅकपासून मागे सरकले. नोकरीची भीती, दुसरं काय.

"आयका," मी म्हणालो. "माज्या भावाचं असंच मारलेलं. चालतं हे मला ठावं होतं, मी बोललो नाय. त्याला शोधायला माजं सायेब आत गेलं, त्यातच संपलं."

मागून एक हात वर आला. जवानांनी मास्क काढले.

इतकी वर्षं साहेबांना जे सांगता आलं नाही, ते मी त्या अनोळखी माणसांना सांगून बसलो होतो.