मुऱ्हाळ्याची निवलेली भाकर

चिखलीच्या बातमीदाराचे पोस्टकार्ड वऱ्हाडच्या इतर टपालाबरोबर नागपूरला आमच्या कचेरीत आले. वर कापसाचे भाव होते, खाली मोताळ्याच्या बाजारात बैल बुजल्याची हकिकत, आणि मध्ये दोन ओळी: अमडापूरच्या मराठी शाळेतील मास्तरांच्या पत्नी, कुशल सुईण यमुनाबाई, अल्पशा आजाराने निवर्तल्या. बातमीतला एक शब्द चुकीचा होता. यमुनाबाईंनी आयुष्यात एकही बाळंतपण केले नव्हते. मी 'कुशल सुईण' खोडले, पण त्या जागी काय घालावे ते सुचेना... अंक छपाईला जायचा होता, त्या शब्दांवाचून बातमी तशीच गेली. दुसऱ्या दिवशी संपादकांनी विचारले, "सुईण नव्हत्या, डॉक्टरीण नव्हत्या, मग ह्या बाई करीत काय होत्या?" प्रश्न सरळ होता. उत्तराला मात्र ही पुरवणी लागते आहे.

माझी थोरली बहीण गोदा अमडापूरला दिलेली. तिचे आणि मास्तरांचे घर एकाच आळीत, म्हणून यमुनाबाईंची ओळख. सारे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. चिखलीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंशी त्यांचे जाणेयेणे होते आणि गावच्या सुईणीशी, रखमाबाईशी, बोलणे. या दोघींना एकत्र बसवावे आणि पोटुशा बायांना, ओल्या बाळंतिणींना चार गोष्टी सांगाव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. दिवस त्यांनी बाजाराचा निवडला. का, असे मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाल्या, "बाजाराले जातो म्हन्याले सासूची परवानगी लागत नाही." बाया टोपली रिकामी करून शाळेच्या ओसरीवर येत. नर्सबाई आणि रखमाबाई एकमेकींशी बोलत नसत, तेव्हा यमुनाबाई दोघींच्या मध्ये बसत आणि एकीचे दुसरीला सांगत, जणू त्या वेगवेगळ्या गावांत होत्या. बायांचे नवरे बाहेर गाड्यांपाशी तंबाखू मळत थांबत. त्यांच्याशी मास्तरांनी बोलावे अशी यमुनाबाईंची इच्छा होती. मास्तर हातात छडी असली की बोलत, एरवी नाही. हा विषय निघाला की ते अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालत, आधी घातलेले असले तरी.

गोदा पहिलटकरीण असताना या बैठकींना न चुकता गेली. नाळ कापायचे पाते आणि बांधायचा धागा उकळून घ्यायचा, हात साबणाने धुवायचे, नाळीवर राख, शेण, हळद काही लावायचे नाही, हे तिला पाठ होते. सातवा लागला तशी ती रिवाजाप्रमाणे माहेरी, मोताळ्याजवळच्या आमच्या गावी आली. तिथे घर आईचे, शब्द आईचा. गोदाने एकदा सांगून पाहिले. आई म्हणाली, "तुमी पाच जणं याच राखेवर वाढले." नाळ विळ्याने कापली, चुलीतली राख लावली. पोरगा चांगला होता... पाचवी पुजून झाल्यावर त्याने दूध तोंडात घेणे सोडले, जबडा मिटला, अंग ताठू लागले आणि तो गेला. आईने सटवाईला दोष दिला. गोदाने कुणालाच दिला नाही.

ती रिकाम्या ओटीने अमडापूरला परतली, तेव्हा यमुनाबाई भेटायला आल्या. बाळ कसे गेले हे त्यांनी विचारले नाही. म्हणाल्या, "कुठी झालं बाळंतपण?" गोदा म्हणाली, "माहेरी. आनखी कुठी होईन?" इतके दिवस यमुनाबाई सुनांना सासरी शिकवत होत्या आणि पहिली बाळंतपणे सारी माहेरी होत होती. अमडापूरच्या सुना पाठ करून जात आणि दुसऱ्याच गावातल्या चुलीपाशी गप्प होत. ही चूक त्यांच्याही लक्षात आली नव्हती, नर्सबाईंच्याही नाही. रिवाज इतका रोजचा होता की तो कुणाला दिसत नव्हता.

मग त्यांनी मुऱ्हाळी धरला. लेकीला माहेरी न्यायला जो भाऊ किंवा चुलता गाडी घेऊन येतो, तो मुऱ्हाळी. एक मुक्काम करतो, पाहुणचार घेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला घेऊन निघतो. लेकीबरोबर सासरहून माहेरी जाणारा तेवढाच एक माणूस, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. यमुनाबाईंनी गावातल्या घरोघरी सांगून ठेवले की मुऱ्हाळ्याचे एक जेवण मास्तरांकडे.

गोदाला पुन्हा दिवस गेले. दुसरे बाळंतपण खरे तर सासरी व्हायचे, पण पहिले गेले म्हणून हेही आपल्याच हातून करायचे, हा आईचा हट्ट होता. मेहुणे संपतराव नको म्हणत होते. गोदा मात्र आईला नाही म्हणेना. न्यायला मला पाठवले गेले. मी तेव्हा नुकताच कचेरीत मुद्रिते तपासायला लागलो होतो. मास्तरांच्या माजघरात पाट मांडला, ताटात गरम भाकर आणि वांग्याची भाजी आली. हात पुढे केला तर यमुनाबाई समोर उभ्या.

"थांबा जी. आंधी म्हनून दाखवा."

"काय म्हणू?"

"मी सांगतो ते. पातं उकळा, धागा उकळा, हात धुवा, नाळीले काई लावू नका. म्हना."

दाराशी संपतराव आणि आळीतले दोघेतिघे उभे होते. एक जण म्हणाला, "बाई आता मुऱ्हाळ्यालेच बाळंत करतेत काय?" संपतराव म्हणाले, "साळेबुवा, नागपुरात वाचता ना, मंग वाचा की तोंडानं." मी म्हटले. पुटपुटल्यासारखे झाले म्हणून पुन्हा म्हणायला लावले. तिसऱ्यांदा यमुनाबाईंनी मध्येच थांबवून विचारले, "आन् राख लावली त मेल्या काय बिघडते असं माय म्हनली, त?" राखेतून, शेणातून धनुर्वात होतो, हे उत्तर त्यांनीच सांगितले आणि तेही म्हणून घेतले. भाकर निवून गेली. पुढे कळले की त्या घरात गरम भाकर कुठल्याच मुऱ्हाळ्याला मिळाली नव्हती.

निघताना गोदाची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, आणि त्याच खणात बांधलेले पांढऱ्या कापडाचे, यमुनाबाईंनी शिवून बंद केलेले एक गाठोडे. आत पाते, धागा, साबणाचा तुकडा, धुतलेली फडकी. शिवलेले का, याचीही हकिकत होती. मेहकरकडच्या एका मुऱ्हाळ्याने घरी जाताना ऐटीत दिसावे म्हणून वाटेत त्याच पात्याने दाढी केली होती. तेव्हापासून गाठोडे शिवून मिळू लागले.

बुलढाण्याला मुक्काम करून, राजूरच्या घाटात पायी चालत गाडी उतरवत, आम्ही गावी पोचलो. गाठोडे आईसमोर ठेवले आणि उंबऱ्याशी उभा राहून मी म्हणायला लागलो. आईने सूप खाली ठेवले.

"तुले काऊन पायजेत बे ह्या बाईमानसाच्या गोष्टी?"

"मले पाठवलं म्हणून."

"मांगच्या खेपीले गोदी बोलली, आता तू. माह्या हातानं लेकरू मेलं म्हनतेत काय तिकडं?"

या प्रश्नाला यमुनाबाईंनी उत्तर पढवले नव्हते... मग गोदा म्हणाली, "माय, ते ओटीतलं हाय." एवढेच. आईने गाठोड्याकडे पाहिले. सासरहून आलेली ओटी परत करता येत नाही आणि तशीच पडू देता येत नाही, तो सासरचा अपमान. आईने ते उचलले, देवघरात ठेवले आणि पुन्हा सूप हाती घेतले.

गोदाला भर दुपारी कळा सुरू झाल्या. मी पुन्हा रजेवर आलेला, अंगणात होतो. आतून आमच्या गावच्या सुईणीचा आवाज आला, "राख आना." मग चुलीवर पातेले ठेवल्याचा आवाज, आणि आईचा: "पानी उकळू द्या आंधी." मुलगी झाली. पाचवी गेली, बारसे झाले, मुलगी दूध पीत राहिली. आई त्याबद्दल कधीच काही बोलली नाही. पुढच्या वर्षी मात्र गावातली एक लेक बाळंतपणाला आली, तिच्या आईकडे माझी आई पांढरे गाठोडे घेऊन गेली. ते तिने स्वतः शिवले होते. टाके वाकडे होते.

हे सारे ओटीत बांधायचे तुम्हाला सुचले कसे, असे मी यमुनाबाईंना नंतर एकदा विचारले. बातमीदाराला असते तशी ती उत्सुकता होती. मला वाटले होते, त्या नर्सबाईंचे किंवा कुठल्या व्याख्यानाचे नाव सांगतील. त्या म्हणाल्या, "तुमी कदी ओटी वापस केली काय?" मी म्हटले, "नाही." "मंग." आता आणखी विचारायला त्या नाहीत. सगळीच गाठोडी पोचली असे नाही. एक नदी ओलांडताना गेले, एक कुणाच्या आजीने न उघडता कोठीत टाकले, आणि त्या घरचे मूल वाचले नाही. ते कळल्यावर यमुनाबाईंनी पुढच्या मुऱ्हाळ्याकडून आणखी एक वाक्य म्हणून घेतले: गाठोडं माह्यासमोर उघडा.

त्या गेल्यानंतर काही आठवड्यांनी मी अमडापूरला गेलो. माजघरातल्या खुंटीला एक गाठोडे टांगलेले होते. आजारपणात त्यांनी शिवलेले ते शेवटचे, वरच्या आळीतल्या एका सुनेसाठी. तिचा मुऱ्हाळी त्याच दिवशी हिवऱ्याकडून आला होता. गोदाने, जी आता त्या घराचे रांधून देते, त्याला पाट मांडला आणि ताट वाढले. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. मी गोदाकडे पाहिले, गोदाने मास्तरांकडे. मास्तर उठले, तांब्या घेतला आणि अंगणाकडे वळले. दारापर्यंत गेले... आणि तिथेच थांबले.

मुऱ्हाळ्याने भाकरीचा तुकडा मोडला होता.

"थांबा," मास्तर म्हणाले. पाठ तशीच, नजर तुळशीकडे. "आधी म्हणा. पातं उकळा."

त्या गड्याने इकडेतिकडे पाहिले आणि तुकडा खाली ठेवला. "पातं उकळा," तो म्हणाला.

"नीट. ऐकू आलं पाहिजे."

त्याने पुन्हा म्हटले. मास्तर एकेक वाक्य सांगत गेले, गाठोडे समोर उघडायचे शेवटचे वाक्यसुद्धा. अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालणाऱ्या माणसाने हे सारे कधी ऐकले होते, कुणास ठाऊक. गोदाने खुंटीवरून गाठोडे काढले आणि पाटाशेजारी ठेवले. ताटातली भाकर निवत होती.