आत्यांची लाल शाई

पुण्यात छापलेला एकही कागद माझ्या मैत्रिणीच्या आत्यांच्या तावडीतून निर्दोष सुटलेला नाही. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं प्रुफं तपासली आणि निवृत्त झाल्यावर सगळं शहरच तपासायला घेतलं. सख्ख्या भाच्याच्या लग्नाची, मुलीकडच्यांनी छापलेली पत्रिका त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून पोस्टाने परत पाठवली आणि लग्नाला वेळेवर हजर राहून, "मिळाली ना?" असं व्याह्यांनाच विचारलं. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद त्या गोळी घेण्याआधी शेवटपर्यंत वाचत, त्यामुळे त्यांचा ताप बहुतेक वेळा वाचता वाचताच उतरे. एकदा कर्वेनगरातल्या हॉटेलात फळ्यावर 'खिचडि' लिहिलेलं पाहून त्या वेटरला म्हणाल्या, "खिचडीची वेलांटी चुकलीय. ती नीट होईपर्यंत पोहे आणा." तो आत जाऊन आला आणि शांतपणे म्हणाला, "काकू, वेलांटी संपलीय." पुढे वर्षभर आत्या हे उत्तर कौतुकाने सांगत होत्या.

मी यवतमाळहून कॉम्प्युटरचा कोर्स करायला पुण्यात आले, ती त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत भाड्याने राहायला. त्या वर्षांत ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता, म्हणून मलाही शिकायचा होता. आपल्याला ते जमेल का, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. वर्गात सोबत असलेल्या त्या मैत्रिणीचे प्रोग्राम झरझर चालत. माझे जागचे हलत नसत. तीन कंपन्यांनी मला नाकारलं तेव्हा बाबांचं पत्र आलं, "दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर परत ये, बी.एड.ला नाव घालू." मी ते टेबलावर ठेवून आत जाऊन रडले. बाहेर आले तर पत्रात दोन लाल अनुस्वार पडलेले.

"काळजीने लिहिलं की अनुस्वार सुटतात," आत्या म्हणाल्या. "परत जायचंय का?"

"नाही."

"मग काय करायचंय?"

"माहीत नाही."

"हे उत्तर तरी बिनचूक आहे. बस इथे."

घरी अजून त्यांच्याकडे प्रुफं येत. मी मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी छापलेल्या मजकुरावरून नजर फिरवायची, असं आमचं रोज दुपारी सुरू झालं. चौथ्या की पाचव्या दिवशी, एक कादंबरी वाचताना मी मध्येच थांबले. "आत्या, मागे हा माणूस विधुर होता. इथे त्याची बायको चहा आणतेय." त्यांनी पन्नासेक पानं मागे उलटून पाहिलं. लेखकाची चूक खरी होती, आणि आत्यांच्या नजरेतूनही ती निसटली होती. आता ही खोली सोडावी लागणार, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढला.

"तुला नवं रचता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्याने रचलेलं कुठे मोडतं, ते दिसतं. ही वेगळी अक्कल आहे. तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या चुका होत नाहीत का?"

"भरपूर होतात."

"त्या कोण शोधतं?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "असतात तशी माणसं, टेस्टर म्हणतात. पण मनापासून कुणी होत नाही." हे मी आत्यांना सांगितलं आणि त्या कामाला मान नाही, असंही जोडलं. त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत एकाही पुस्तकावर माझं नाव आलं नाही. वाचायला मात्र सगळ्यांच्या आधी मिळालं."

दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना एका छोट्या कंपनीने मला बोलावलं आणि ग्रंथालयासाठी बनवलेल्या एका प्रोग्रामसमोर बसवलं. मी वाचकाची जन्मतारीख तीस फेब्रुवारी अशी भरली. कॉम्प्युटरने ती मुकाट्याने स्वीकारली. मग मला हुरूप आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या वहीत एकवीस चुका जमल्या. तिथल्या साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. "सोमवारपासून येता का?" त्यांनी विचारलं.

मी धावत घरी आले. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाविसावी कोणती राहिली?" मला राग आला. मी बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "चुका काढायची नोकरी असते? मग तुझ्या आईने पुण्यालाच जायला हवं होतं." इतकं मोकळं हसताना मी त्यांना कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

याला पुष्कळ वर्षं झाली. ते काम मला अजूनही मनापासून आवडतं, आणि आता माझ्या हाताखाली ते करणारी बरीच मुलंमुली आहेत. आत्या वाघोलीला भाच्याकडे असतात. डोळे अधू झालेत. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी अचानक विचारलं, "तुझ्या हाताखालच्या मुलांचं काम चांगलं झालं, तर तू त्यांना सांगतेस का?"

"सांगते की."

"मी तुला कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे बरोबर ओळीवर खूण करायची पद्धतच नव्हती."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. खाली नगर रस्त्यावरची गर्दी वाढायला लागली होती. मला लवकर निघायला हवं होतं, पण मी बसून राहिले.