मोठ्यानं विचारणारा माणूस

महादेवकाकांवर अन्याय झाला तो ते गेल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी, दिवेलागणीला. देवळीजवळच्या आमच्या गावात समाजमंदिराला कमिटीनं कुलूप घातलं. तिथे दर गुरुवारी दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं एकत्र बसत. ही बैठक काकांनीच सुरू केलेली. कमिटीचं म्हणणं असं, की दारुड्यांचा म्होरक्याच शेवटी दारूनं गेला, आता बैठक कशाला? हे खोटं आहे. काका सकाळी वांग्यांना पाणी देता देता बांधावर कोसळले. हृदय बंद पडलं. त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी थेंब घेतला नव्हता, आणि हे कमिटीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. माहीत असून बोललं जातं, म्हणून लिहितो आहे.

काका माझ्या वडिलांचे दोस्त. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायचे. पिणाऱ्या दिवसांत त्यांनी कधी कुणावर हात उचलला नाही. ते नुसते हरवायचे. बाजार उठला की दुसऱ्याच कुणाच्या बैलबंडीत त्यांच्या टोपल्या घरी यायच्या, काका यायचे नाहीत. शेजारणी मुद्दाम विचारायच्या, तेव्हा काकू टोपल्या उतरवून घेत म्हणायच्या, "सामान आलं, मालक मागून येऊन राह्यले." आणि आत जाऊन दार लावून घ्यायच्या...

ऐंशी साली उन्हाळ्यात काकांना दवाखान्यात कुणीतरी सांगितलं, की वर्ध्यात दारू सोडलेली माणसं जमतात, एकमेकांना धरून राहतात. जागा सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हती. पुढची गोष्ट काका बैठकीत प्रत्येक नव्या माणसाला सांगत. आपल्या जिल्ह्यात बंदी, तेव्हा दारूबद्दल जे काही विचारायचं ते कानात. काकांनी स्टँडवरच्या पानवाल्याच्या कानाशी लागून विचारलं, "थे लोक कुठं बसते?" पानवाल्यानं भुवईनं मागची गल्ली दाखवली. गल्लीत मोहाची हातभट्टी. काका पिऊन परतले. पुढच्या बाजाराला एका रिक्षावाल्याला तसंच हळूच विचारलं, त्यानं दुसरा अड्डा दाखवला; तोही स्वतः नेऊन, मोठ्या मायेनं. "पेवाचा पत्ता साऱ्या गावाले पाठ," काका म्हणत, "सोडाचा पत्ता विचारतो, असं कोणाच्या मनातच येत नाई."

तिसऱ्या खेपेला काकू सोबत गेल्या. स्टँडवर काका पुन्हा कुणाच्या तरी कानाशी वाकले, तशा त्या म्हणाल्या, "काऊन कुजबुजता? पेताना लाजले होते का?" काका सरळ उभे राहिले आणि भाजी विकायच्या आवाजात बोलले, "मी दारुड्या आहो. मले सोडाची आहे. सोडणारे लोक कुठं बसते?" काही हसले, काहींनी पाठ फिरवली. कचेरीची पिशवी घेतलेला एक गृहस्थ मात्र जवळ आला. "चला काका, मी बी तिथंच चाललो," तो म्हणाला. "मले फक्त इतक्या मोठ्यानं सांगता येत नाई."

त्यानंतर काका सुटले. सहज नाही, एका झटक्यात नाही, पण सुटले. गावात बैठक सुरू करायची म्हणून माझ्याकडे आले, तेव्हा मी दारूबंदीची पत्रकं काढत होतो. त्यांनी पत्रक पूर्ण वाचलं. "लय खमंग लिवलं बापू. पण हे वाचून मानूस जाईन कुठं?" मी म्हटलं, जागा छापली तर लोक टिंगल करतील, कुणी फिरकणार नाही. "मंग माहं नाव टाक." नावापुढं काय लिहू, विचारलं. "दारुड्या लिव. भाजीवाले गावात आणखीनही आहे."

तसंच छापलं. पहिल्या गुरुवारी काका, काकू आणि मी, तिघंच चहा पीत बसलो. दुसऱ्या गुरुवारी अल्लीपूरचा एक माणूस आला, म्हणाला, वांग्याची रोपं पाहिजे. काकूंनी काही न विचारता रोपं दिली. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा रोपं न्यायला आला, त्याच्या पुढच्याही. "याच्या वावरात आता पाय ठेवाले जागा नसन," काकू म्हणाल्या, तेव्हा तो पहिल्यांदा हसला आणि बसला. मग माणसं वाढत गेली... पार गिरडपर्यंतची.

कुलूप लागलं त्या संध्याकाळी काही जण दुरूनच पाहून परत गेले. हाच अल्लीपूरवाला पुढे झाला, पायरीवर खांद्यावरचा दुपट्टा अंथरून बसला. "कुलूप खोलीले लावलं हाय, आपल्याले नाई." तेव्हापासून बैठक पायरीवर चालते आहे, आणि चालणार. पण पायरी रस्त्यावर आहे. येणारा-जाणारा बोट दाखवतो, हा एक, तो एक. त्या बोटाच्या धाकानं दोघं यायचे थांबले. एकानं पुन्हा दारू सुरू केली आहे.

कमिटीला माझी विनंती नाही, मागणी आहे: किल्ली द्या. आणि वाचकहो, तुम्ही हळहळ व्यक्त करून पान उलटू नका. येत्या गुरुवारी देवळीची एसटी धरा आणि दिवेलागणीला आमच्या पायरीवर येऊन बसा. पीत असाल तर या. पीत नसाल तर जरूर या; पायरी इतकी भरू द्या, की बोट दाखवणाऱ्याला पिणारा कोण नि न पिणारा कोण, हे कळता कामा नये.