शिडाचं पोट

टेलरमास्तरांनी होडी घेतली, ही बातमी गल्लीत पसरली तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. दुकान आणि घर यांपलीकडे ज्या माणसाने शिंपी झाल्यापासून पाऊल टाकलं नाही, त्याने दुकान बंद केल्यावर घ्यावं काय, तर शिडाची होडी! तीही कशी? धक्क्यामागच्या चिखलात कुशीवर पडलेली, रंगाचे पापुद्रे सुटलेली, फळ्यांच्या फटीफटीतून गवत उगवलेली. बायकोने ती पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, लोक म्हातारपणी आरामखुर्ची घेतात."

"हिच्यातही बसताच येतं," मास्तर म्हणाले.

खरं कारण बायकोला ठाऊक होतं. मास्तरांच्या वडिलांची अशीच एक होडी होती. खाडीच्या या काठावरचा माल त्या काठाला पोचवायचा, हा त्यांचा धंदा. वडील शीड सांभाळायचे, मागे सुकाणूचा दांडा धरून ताई बसायची आणि सगळ्यांत पुढे, पाण्यावर पाय सोडून, हे धाकटे चिरंजीव. पुढे पूल झाला, धंदा बसला, होडी विकली गेली आणि मास्तरांना एका शिंप्याच्या हाताखाली बसवण्यात आलं. पण ते दिवस त्यांच्या मनातून कधी उतरले नाहीत. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते सांगायचे, "आमची ताई म्हणजे काय! दांडा हातात आला की राणीच." निम्म्या गावाने ही गोष्ट गळ्याभोवती टेप असताना ऐकली होती.

आता ताई कायमची मुलीकडे राहायला निघाली होती. जावयाचं गाव दूर, कोरडं. तिथे पाणी म्हणून बघायचं ते नळाला. गुडघ्यांनी दगा दिलेला, एकटीने राहणं होत नव्हतं, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती. महिनाअखेरीला मुलगी न्यायला येणार होती. त्याआधी एकदा, फक्त एकदा, ताईच्या हातात दांडा द्यायचा, एवढंच मास्तरांनी धरून ठेवलं होतं.

धक्क्यावरचा सुतार मदतीला आला. सडक्या फळ्या निघाल्या, नव्या बसल्या, फटींमध्ये कापसाच्या वाती ठोकून वर डांबर फासलं. मास्तरांनी अंगाला इतकं डांबर लावून घेतलं, की बायकोने त्यांचा एक शर्ट त्याच कामाला कायमचा बहाल केला. पण शीड मात्र मास्तर कुणाला हात लावू देईनात. "ते माझं खातं," ते म्हणाले.

जुनं शीड कुजलं होतं. मापासाठी त्याच्या शिवणी उसवताना मास्तरांच्या लक्षात आलं, की पट्ट्यांच्या कडा सरळ नाहीत, सगळ्या किंचित बाहेर फुगलेल्या. त्यांनी नाक मुरडलं. "कुणा शिकाऊ माणसाने कापलंय. काय ही कात्री!" नवा कॅनव्हास त्यांनी पट्टी लावून सरळसोट कापला, दुहेरी शिलाई मारली, एवढंच नव्हे तर इस्त्रीही फिरवली. कुठे सुरकुती नाही, कुठे झोल नाही. डोलकाठीवर शीड चढलं तेव्हा त्यांची छाती फुगली.

फुगली ती फक्त छातीच. वारा होता, धक्क्यावरचे कपडे दोरीवर फडफडत होते, आणि होडी मात्र ढिम्म. जरा पुढे जायची, कलायची, की परत जागच्या जागी. सुताराने थोडा वेळ पाहिलं आणि मग त्याला हसू आवरेना.

"मास्तर, शीड शिवलंय की लग्नाचा शर्ट?"

"का? काय वाईट आहे त्यात?"

"काही वाईट नाही, तीच तर पंचाईत आहे! शिडाला पोट लागतं. इतक्या ताठ कापडात वारा बसणार कुठे?"

मास्तर पार ओशाळले. सगळा जन्म लोकांची पोटं झाकण्यात गेला, पोट आणायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं. महिना तर संपत आलेला. जुन्या शिडाच्या पट्ट्या शोधायला गेले, तर सुताराचा कुत्रा त्यांवर ताणून झोपला होता. त्याची मनधरणी करून त्या ओढून काढल्या, कॅनव्हासवर अंथरल्या आणि ज्या कडांना नावं ठेवली होती त्यांच्यावरूनच खडू फिरवला. उसवायला बायको बसली.

"इतकी वर्षं म्हणत होते, जरा सैल शिवा," ती म्हणाली. मास्तरांनी खडूच्या खुणेवर कात्री चालवली आणि शीड पुन्हा शिवलं.

मुलगी यायच्या आदल्या दिवशी सकाळी ताई काठी टेकत धक्क्यावर आली. सुताराने आणि मास्तरांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून होडीत उतरवलं. मागच्या बाकावर मास्तरांनी तिच्यासाठी खास उशी शिवून ठेवली होती.

"ये ताई, बस. तुझी जागा."

ताईने उशीकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं.

"तिथे तू बस."

"मी? अगं, मला कुठे येतं?"

"मग शीक. मला पुढे बसायचंय."

मास्तर म्हणाले, "पण तुला तर दांडा किती आवडायचा..."

"कुणी सांगितलं तुला? बाबांनी हातात दिला, मी धरला. तू पुढे पाय सोडून बसायचास आणि माझा जीव सगळा त्या शिडात. इतक्या वेळा खाडी ओलांडली रे, पण पुढून पाणी कसं दिसतं ते काही मी पाहिलं नाही. मध्ये कायम तुझं डोकं!"

ती हसली. मास्तरांना हसता आलं नाही. इतकी वर्षं गावभर तिची गोष्ट सांगितली, पण तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी उशी उचलली, पुढे नेऊन ठेवली आणि तिला हाताला धरून बसवलं.

सुताराने शीड सोडलं. ते भरलं, छान गोल फुगलं आणि होडी धक्क्यापासून सुटली. मास्तरांनी दांडा भलतीकडेच ओढला.

"उलटा धर, उलटा!" मागे न बघताच ताई ओरडली. मग मात्र ती दोन्ही पाय बाहेर सोडून नुसती बघत राहिली.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी विचारलं, "ताई, फिरवू का परत?"

"थांब ना जरा. बघू दे."

मास्तरांचे डोळे भरून आले. दांडा सोडून पुसावेत तर होडी फिरली असती. पुढचं पाणी त्यांना दिसत नव्हतं, मध्ये ताईचं डोकं येत होतं. ते तसेच होडी हाकत राहिले.